अर्ध्या डोळ्याचा राजवंश

सदर इसम, वय पन्नाशीच्या पुढे, उंची मध्यम, बांधा बसलेला असताना भारदस्त, नाक ठळक व वळणदार, कपाळ भव्य (केस मागे हटल्यामुळे), विशेष खूण : डुलकी लागली असता डावी पापणी अर्ध्यावर उतरते, उजवी उतरत नाही. व्यवसाय : पादत्राणविक्री. राहणार : बस डेपोच्या मागे, दुसरा मजला, जिन्याला लागून. सदर इसमाने या भूमीवर एकंदर सतरा वेळा राज्य केले असून त्या अवधीत दोन लढाया जिंकल्या, पाच हरल्या, एका सख्ख्या भावाचा काटा काढला आणि एकदा घोड्यावरून पडून देह ठेवला. ही सर्व माहिती जाड, गुळगुळीत कागदावर रंगीत छापलेली आहे, सबब ती खरी समजण्यात यावी.

बाजारपेठेच्या वळणावर बुटांचं एक जुनं दुकान आहे. आत लांबोडकी खोली, दोन्ही भिंतींना छताला भिडलेल्या खोक्यांच्या चवडी, रबराचा आणि पॉलिशचा वास, मधोमध गिऱ्हाइकांसाठी रेक्झिनच्या खुर्च्या आणि खुर्च्यांच्या पायथ्याशी ती बुटकी, उतरती स्टुलं. स्टुलाच्या सपाट भागावर सेल्समन बसतो, उतरत्या भागावर गिऱ्हाईक पाय टेकवतं. हा माणूस उभ्या तारुण्यापासून त्या सपाट भागावर बसलेला आहे. इतक्या काळात माणूस आपल्या कामात तरबेज होतो असा एक गोड समज आहे. याला अजून लेस धड बांधता येत नाही. गाठ मारतो ती एक तर टिकत नाही, नाही तर सुटत नाही.

एक कला मात्र त्याने मेहनतीने कमावली, ती ताठ बसून झोपण्याची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की स्वारी स्टुलावर पाठ सरळ ठेवून डुलकी काढते. उजवा डोळा गल्ल्यावर बसलेल्या मालकांच्या पाळतीवर उघडा, डावा रजेवर. मालक म्हणतात, "हा अर्धा माणूस आहे हे मला माहीत आहे. पण नेमका कुठला अर्धा काढून टाकायचा ते कळत नाही."

नाक मात्र त्याचं खरोखर चांगलं आहे, ते मान्य करायला हवं. लहानपणी आई त्याला राजबिंडा म्हणायची. आईने दिलेल्या असल्या दाखल्यावर शहाणी माणसं पुढचे व्यवहार करत नाहीत. याने केले.

त्याचं असं झालं. गावातल्या एका प्रकाशकाने 'राजघराण्याचा सचित्र इतिहास : सामान्य वाचकांसाठी' काढायचं ठरवलं. याआधी त्याने परीक्षांची गाइडं आणि मधुमेहाच्या पथ्याचं एक पुस्तक काढलं होतं. दोन्ही बरी चालली होती, पण समारंभात सांगायला सोयीची नव्हती. राजघराण्याची गादी जाऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, आणि राजे जाऊन दोन पिढ्या झाल्या की लोकांना राजे फार आवडू लागतात. कारण अगदी सोपं आहे. ज्यांनी त्यांचा मार खाल्लेला असतो ते तोवर मेलेले असतात.

"सामान्य वाचक म्हणजे कोण?" असं या प्रकाशकाला कोणीतरी विचारलं होतं. तो म्हणाला, "जो चित्रं बघतो आणि पुस्तक वाचलं असं सांगतो तो." तेव्हा चित्रं आधी आणि मजकूर नंतर, असा कामाचा क्रम लागला. रंगीत छपाईला वेळ लागतो, इतिहासाला लागत नाही.

चित्रांचं काम मिळालं आपल्या सेल्समनच्या साडूला, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला. हा साडू पाठ्यपुस्तकांत चित्रं काढतो. फुलाचा उभा छेद, बेडकाचं पोट, दाढेची मुळं. हाताला सफाई भरपूर, कल्पनाशक्तीच्या नावाने शंख. समोर असेल ते काढायचं, समोर नसेल ते काढायचं नाही, हा त्याचा धर्म. बेडकाच्या बाबतीत हा फार मोठा गुण आहे. राजांच्या बाबतीत पंचाईत झाली. एकोणीसपैकी फक्त शेवटच्या दोघांचे फोटो होते. आधीच्या सतरा राजांची तैलचित्रं म्हणे राजवाड्याच्या आगीत गेली. आग लागली तेव्हा ती होती का, हे विचारण्याचा उद्धटपणा कोणी केला नाही.

तेव्हा साडूला घरातलं नाक आठवलं.

"रविवारी दुपारी मोकळे असता ना?" त्याने विचारलं.

"का? काही हलवायचंय का? माझी कंबर धरलीये."

"छे हो. माझ्यासमोर नुसतं बसायचं. चहा देईन."

"बसायचं म्हणजे कसं?"

"दुकानात बसता तसंच."

अशा रीतीने राज्यारोहण झालं. साडूच्या बैठकीच्या खोलीतला मरून पडदा काढून खांद्यावरून सोडला, फळांची पितळी टोपली डोक्यावर पालथी घातली, हातात मिटलेली छत्री दिली. पुस्तकात ज्याच्यावर संस्थापक राजा स्वार झालेला आहे तो सोफ्याचा हात आहे. एका रविवारी एक राजा, कधी हात चालला तर दोन. मिशा, दाढी, कपाळावरचे वण अशा किरकोळ गोष्टी साडू नंतर पुस्तकं बघून लावायचा. चेहरा मात्र समोरचा, जसाच्या तसा. आणि रविवारचं भरपेट जेवण झाल्यावर, पंख्याखाली, पडद्यात गुंडाळलेला हा माणूस काय करणार? डावी पापणी अर्ध्यावर उतरायची. समोर जे आहे ते साडूने इमानाने काढलं. संस्थापक शत्रूवर चाल करून जातोय, डावी पापणी अर्ध्यावर. पाचवा तहावर शिक्का मारतोय, डावी पापणी अर्ध्यावर. अकरावा शिकारीत साक्षात वाघासमोर उभा आहे, तरी डावी पापणी अर्ध्यावर. वाघ टक्क जागा आहे, कारण तो दुसऱ्या पुस्तकातून घेतलेला होता.

राण्यांसाठी साडूने आपल्या बायकोला विचारलं. तिने "मला दुसरी कामं आहेत" म्हणून पाठ फिरवली. त्या पुस्तकात सर्व राण्या पाठमोऱ्या आहेत.

आता मजकूर. तो लिहायला एक निवृत्त प्राध्यापक धरले होते. चित्रांचा लिफाफा त्यांच्याकडे पोचला तेव्हा त्यांनी गृहीत धरलं की ही राजवाड्यातल्या संग्रहावरून उतरवलेली असणार. त्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर आपण तो संग्रह कधी पाहिलेला नाही हे उघड झालं असतं, आणि त्यांची सगळी विद्वत्ता त्या संग्रहाच्या तपशीलवार उल्लेखांवर उभी होती. त्यांनी भिंग काढलं. पहिला राजा पाहिला, दुसरा पाहिला, सातवा पाहिला, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना एक शोध लागला.

पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण त्या पापणीवर आहे. नाव 'अर्धोन्मीलित दृष्टी : एका राजवंशाचा स्वभावधर्म'. प्राध्यापक म्हणतात की ही खूण बापाकडून मुलाकडे अखंड उतरत आली. एक डोळा जगावर आणि एक आत्म्यावर ठेवून राज्य करणारा असा वंश दुसरा नाही. वास्तविक त्याच पुस्तकात, बारीक अक्षरांत, या वंशाने काय काय केलं तेही दिलेलं आहे. संस्थापक हा नदीच्या उतारावर जकात गोळा करणारा नोकर होता, आणि एके वर्षी त्याने गोळा केलेली जकात वर पाठवायची बंद केली, हीच राज्याची स्थापना. दुसऱ्याने भावाला विहिरीवर बोलावलं आणि एकटा परत आला. आठव्याने दुष्काळात हरणांसाठी बाग केली. तेरावा राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत घोड्यावरून पडला, कारण घोडा थांबला आणि त्याला ते कळलं नाही. चौदाव्याने एका परदेशी घड्याळाच्या बदल्यात बंदर देऊन टाकलं, आणि ते घड्याळ मागे पडायचं. आत्म्यावर ठेवलेल्या डोळ्याला यातलं काही दिसलं असेल असं वाटत नाही.

शेवटच्या दोन राजांनी घोटाळा केला असता. त्यांच्या फोटोंत दोन्ही डोळे सताड उघडे आहेत, समोर तोफ ठेवल्यासारखे. पण प्राध्यापक कसलेले गडी. "आधुनिकतेच्या स्पर्शाने राजघराण्याचे डोळे उघडले," असं त्यांनी लिहिलं आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळले.

पुस्तक बाजारात आलं, खपलंही. साडूने एक प्रत घरी आणून दिली आणि आपल्या सेल्समनने ती मांडीवर घेऊन सुरुवातीपासून चाळली. पहिले काही दिवस तोसुद्धा हसत होता. "हा बघ, हा तुझ्या बहिणीच्या पडद्यातला मी," असं बायकोला दाखवत होता. नोंद म्हणून सांगायला हवं की या काळात त्याची अक्कल शाबूत होती.

बिघाड झाला तो दुकानात. एक शाळामास्तर बूट घ्यायला आले. पाय स्टुलावर ठेवला, खाली बघितलं आणि म्हणाले, "अहो, तुम्ही डिट्टो आपल्या संस्थापक महाराजांसारखे दिसता. पुस्तकात फोटो आहे बघा."

"मीच तो," असं म्हणायला एक क्षण पुरला असता. तो क्षण त्याने जाऊ दिला.

"असं म्हणतात खरं," तो म्हणाला.

"तुमचं मूळ घराणं?"

"आता काय सांगायचं," तो म्हणाला, आणि एक सुस्कारा सोडला. हा सुस्कारा त्याला इतका आवडला की दिवसभर त्याने तो आणखी तीन-चार गिऱ्हाइकांवर सोडून पाहिला.

मग हळूहळू गणित उलटं फिरलं. पुस्तकातले राजे त्याच्यासारखे दिसतात हे विसरून तो पुस्तकातल्या राजांसारखा दिसतो, एवढंच उरलं. सतरा राजे, एकच नाक, एकच डोळा, आणि तेच नाक, तोच डोळा आपल्या आरशात. एवढा पुरावा कोर्टातही मिळत नाही. पापणी उतरते ती डुलकीमुळे, हेसुद्धा त्याने निकालात काढलं. डुलकी निमित्त, खूण मूळची.

हे साडूच्या कानावर गेलं तेव्हा तो कामाधामाचा माणूस हातातला कुंचला तसाच घेऊन धावत आला.

"अहो, मी तुम्हाला बघून ते काढलेत!"

"कबूल," आपला माणूस शांतपणे म्हणाला. "पण मला बघूनच का काढलेत?"

"म्हणजे?"

"एवढं मोठं गाव. एवढी माणसं. तुम्हाला राजे काढायचे होते तर तुमची नजर माझ्यावरच का गेली? काहीतरी दिसल्याशिवाय गेली?"

"तुम्ही फुकट बसायला तयार होतात म्हणून गेली! शिवाय तुम्ही हलत नाही. मी बेडूक काढणारा माणूस आहे, मला हलणारं जमत नाही."

"तुम्हाला तसं वाटतं," आपला माणूस म्हणाला. त्याच्या आवाजात आता एक थोर क्षमाशीलता आली होती. "तुमच्या हातून ते करवून घेतलं गेलं."

साडूने आपल्या माणसाच्या बायकोकडे पाहिलं. ती दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायला बसते. दिवसभर आ वासलेली माणसं बघून तिला आता कशाचंच नवल वाटत नाही.

"तुम्ही जाऊन चार लोकांत सांगा की चित्रं ह्यांची आहेत म्हणून," ती साडूला म्हणाली.

"मी?" साडू गडबडला. "प्रस्तावनेत छापलंय, अस्सल संग्रहावरून. मी बोललो तर प्रकाशक मला पुन्हा बेडूकसुद्धा देणार नाही."

आणि तो गेला. इतिहास असाच टिकतो.

घरातलं वेड घरात राहिलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण एके सकाळी दुकानात एक बाई आल्या, खुर्चीत बसल्या, पाय पुढे केला. आपला माणूस समोर उभाच.

"अहो, घालून दाखवा ना," बाई म्हणाल्या.

"घाला की," तो म्हणाला. "जोडी ठेवलीये समोर."

"तुम्ही नाही घालणार?"

"आमच्याकडे वाकायची पद्धत नाही."

बाई उठून समोरच्या दुकानात गेल्या. त्या आठवड्यात आणखी बरेच जण गेले. समोरच्या दुकानदाराने आपल्या मालकांना रस्त्यातून हात करायला सुरुवात केली, तेव्हा मालकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी त्याला गल्ल्यापाशी बोलावलं.

"काय रे, कंबरेचं दुखणं आहे का?"

"नाही."

"गुडघ्याचं?"

"नाही."

"मग डोक्याचं असणार, आणि त्याची दुकानात सोय नाही. हे बघ, इतकी वर्षं तू नीट काम केलं नाहीस ते मी चालवून घेतलं, कारण निदान वाकत होतास. बुटाच्या धंद्यात वाकणं हेच काम, बाकी सगळं खोक्यावर लिहिलेलं असतं. रविवारपर्यंत काय राज्य करायचं ते करून घे. सोमवारी त्या स्टुलावर बसायचं, गिऱ्हाइकाचा पाय हातात घ्यायचा. जमत नसेल तर इकडे फिरकायचं नाही. कळलं?"

घरी ही बातमी सांगताना आपल्या माणसाचा आवाज भरून आला होता, पण अभिमानाने. बायको भाजी चिरत होती, ती थांबली नाही.

"मग सोमवारी बसणार ना?"

"माझ्यात जे रक्त आहे ते..."

"तुमच्यात साखर आहे, मागच्या महिन्यातच तपासलीये. माझ्या पगारात घराचं भाडं निघतं. जेवायचं काय? आत्म्यावर डोळा ठेवून पोट भरतं का तुमच्या घराण्यात? आणि या वयात दुसरं कोण ठेवणार तुम्हाला? येतं काय तुम्हाला?"

या शेवटच्या प्रश्नावर तो विचारात पडला, पण लवकरच बाहेर आला. "रविवारी पुस्तकाचं प्रकाशन आहे," तो म्हणाला. "युवराज येणार आहेत. ते मला बघतील. रक्ताला रक्त ओळखतंच. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर आपला म्हटलं, की मग मालकाची काय टाप आहे बघू. मग सोमवारचं सोमवारी."

"आणि नाही म्हटलं तर?"

त्यावर त्याने तो सुस्कारा सोडला.

पुस्तक आधी विकायला आलं आणि प्रकाशन मागून ठरलं, याचं कारण युवराजांना वेळ नव्हता. युवराज म्हणजे गादी असती तर तिच्यावर बसले असते ते गृहस्थ. वय साठीच्या घरात, पण गादीच नसल्याने बढती अडली आणि ते युवराजच राहिले. राजवाड्याच्या ज्या भागाचं छप्पर गळत नाही तिथे राहतात, पुढची हिरवळ समारंभांना भाड्याने देतात, आणि खुर्च्या मोडल्या की स्वतः येऊन मोजतात. वेळ नव्हता तो या उद्योगामुळे नव्हे. ते आरशासमोर सराव करत होते. पुस्तक वाचून त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं की आपल्या घराण्याला अशी काही खूण आहे आणि ती आपल्यापाशी नाही. आजोबांपासूनच नाही. यातून माणसाच्या मनात जे प्रश्न येतात ते राजघराण्यातल्या माणसाच्या मनात जरा जास्तच वेगाने येतात.

रविवारी ग्रंथालयाच्या सभागृहात मंडळी जमली. युवराज आले, त्यांचा मुलगा आला, पुतण्या आला, आणि तिघांच्याही डाव्या पापण्या अर्ध्यावर होत्या. मुलाला ते नीट जमत नव्हतं, त्याचं तोंडही त्याच बाजूला वाकडं होत होतं. सभागृह भारावून गेलं. प्राध्यापकांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःचं प्रकरण असं चालत आपल्यापर्यंत आलेलं कुठल्या इतिहासकाराला पाहायला मिळतं?

त्यांच्यामागून काठी टेकत युवराजांच्या आत्यासाहेब आल्या. नव्वदीच्या आसपास, नजर लख्ख, आवाज त्याहून लख्ख. खुर्चीवर बसताना त्यांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"काय रे बाळ, डोळे आलेत का सगळ्यांचे?" त्या म्हणाल्या. "मग जरा लांब बसा की. मला लागले म्हणजे?"

"आत्यासाहेब, ही आपल्या घराण्याची..." युवराज कुजबुजले.

"काही घराण्याची नाही. तुझ्या आजोबांना मी मांडीवर बसून पाहिलंय. चांगले डोळे वटारायचे."

हे पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं. त्या टाळ्या वाजवत होत्या, त्यामुळे बिघडलं नाही.

भाषणं झाली. मग लोक पुस्तकावर सही घ्यायला रांगेत उभे राहिले. आपला माणूस लग्नाकार्याचा कोट घालून रांगेत होता. बायको शेजारी, त्याची बाही धरून, भर बाजारात लहान मुलाला धरतात तशी. पाळी आली. त्याने पुस्तक पुढे केलं नाही. छाती काढून, मान उचलून, तो युवराजांच्या समोर उभा राहिला आणि त्याने डावी पापणी खाली उतरवायला घेतली.

जागेपणी त्याने हे कधी करून पाहिलं नव्हतं. पापणी अर्ध्यावर थांबेना. ती पूर्ण मिटली, परत उघडली, परत मिटली. थोडक्यात, त्याने भर सभेत युवराजांना दोनदा डोळा मारला.

युवराज दचकले. "आपण कोण?"

"ओळखलं नाहीत?"

युवराजांनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. नाक, कपाळ, हनुवटी. हा माणूस त्यांनी पाहिलेला होता. त्यांच्या हातातल्या पुस्तकाच्या जवळजवळ प्रत्येक पानावर पाहिलेला होता. आपल्यापेक्षा हा कितीतरी जास्त राजघराण्यातला आहे, हे त्यांना दिसत होतं. त्यांची पापणी कधी वर गेली ते त्यांनाही कळलं नाही.

"आम्ही... आम्ही आपल्याला कुठेतरी..." ते चाचरत म्हणाले. "आपल्या आजी कुठल्या?"

प्राध्यापक पुढे सरसावले. त्यांनी माणसाकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. "अद्भुत!" ते म्हणाले. "धाकटी पाती!"

तिसऱ्या रांगेत साडू खुर्चीखाली पडलेलं काहीतरी शोधू लागला. काही पडलेलं नव्हतं.

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते आता घडणार होतं. युवराजांचा हात अर्धा पुढे आला होता, मिठीसाठी की ढकलण्यासाठी हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं. बायकोने बाही सोडली. तिलाही क्षणभर वाटलं, न जाणो.

"थांब रे बाळ," आत्यासाहेब म्हणाल्या. "ह्याला मी ओळखते."

"हा बुटांच्या दुकानातला. ह्यानेच दिलेत मला हे." त्यांनी काठीने आपल्या पायाकडे बोट दाखवावं तसं दाखवलं. "मेले चावून चावून पायाची चाळण केलीये. मी म्हणतच होते, कधीतरी सापडेल. ये इकडे."

"आत्यासाहेब, हे बहुधा आपल्यापैकी..."

"तू गप्प बस. ये रे, ये. बघ हा करंगळीपाशी. हात लावून बघ." आणि त्यांनी पाय पुढे केला.

त्या वेळी सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर होतं. युवराजांचं, प्राध्यापकांचं, बायकोचं. बायकोच्या डोक्यात मात्र घराणं नव्हतं, सोमवार होता. त्याच्यापुढे दोन रस्ते होते. ताठ उभं राहावं, वंश म्हणून. किंवा.

त्याला काही ठरवावं लागलं नाही. पुढे आलेला पाय दिसला आणि गुडघे आपोआप वाकले. फरशीवर एक गुडघा टेकून त्याने ती टाच डाव्या हाताच्या तळव्यावर घेतली, उजव्या हाताच्या अंगठ्याने बुटाचं टोक दाबलं, आणि ते दुकान जन्माला आल्यापासून तिथल्या प्रत्येक बुटाबद्दल सांगितलं गेलेलं वाक्य त्याच्या तोंडातून निसटलं.

"चार दिवस घाला, सैल होतील."

"हेच मागच्या वेळी म्हणाला होतास, लबाडा!" आत्यासाहेब कडाडल्या.

सभागृह हसलं. युवराजांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास टाकला की पापणी परत जागेवर येऊन बसली. पुढच्या माणसाचं पुस्तक घेऊन त्यांनी सही केली. प्राध्यापक म्हणाले, "साम्य वरवरचं आहे, मी पाहताक्षणी ओळखलं." आणि वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने नेमका तो क्षण टिपला.

परतताना बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. मग तो म्हणाला, "घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे वाकण्यात कसला आलाय कमीपणा?"

"कोणाच्या घरातल्या?"

"तुला नाही कळायचं ते. त्यांनी मला ओळखलं. सगळ्यांसमोर 'ओळखते' म्हणाल्या."

बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. "तसं समजा," ती म्हणाली. "पण उद्या वेळेवर उठा."

सोमवारी तो उठला, गेला, आणि स्टुलाच्या सपाट भागावर बसला. सकाळी पहिला पाय आला तो त्याने हातात घेतला. गिऱ्हाइकांना तो हल्ली मनातल्या मनात लांबचे नातेवाईक समजतो म्हणे. मालकांना त्याचं काही नाही. वाकतोय ना, मग पुरे. त्याच्यात सुधारणा म्हणाल तर एवढीच. लेस अजून तशीच.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली आहे. पापणीचं प्रकरण कायम आहे, सतरा राजे कायम आहेत, राण्या अजून पाठमोऱ्या आहेत. भर पडली ती शेवटच्या पानावर. तिथे पानभर फोटो आहे. खुर्चीत आत्यासाहेब, बाजूला युवराज, आणि पुढे गुडघा टेकून बसलेला, मान खाली घातलेला एक माणूस. चेहरा दिसत नाही, त्यामुळे प्राध्यापकांना पुन्हा काही शोध लागण्याची भीती नाही. खाली त्यांच्याच शब्दांत ओळ आहे : 'गादी गेली, निष्ठा गेली नाही. राजघराण्याच्या चरणी नतमस्तक झालेला एक अज्ञात प्रजाजन, आपल्या शतकांच्या ऋणाची मूकपणे कबुली देताना.'

तो बुटाचा नंबर बघत होता.